चव आणि नशा, खाती वेगळी



या पानावर मी आजवर दांडिया बाजारातला वाडा, सुरसागरचं गणपती विसर्जन, विद्यापीठाचे दिवस असंच काहीबाही लिहीत आलो. आज विषय बिअरचा आहे. 'काकांना या वयात हे काय सुचलं' असं काहींना वाटेल. वाटू दे. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग बोला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. चव घेणं आणि नशा करणं ही दोन वेगळी खाती आहेत. आपण गुजरातेत राहणाऱ्यांनी ती पंचाहत्तर वर्षं एकाच खात्यात लिहिली. त्याचा तोटा पिणाऱ्यांना झालाच, पण न पिणाऱ्या घरांनाही झाला.

माझी आणि दारूबंदीची वयं जवळपास सारखीच. बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मे १९४९ ला. मुंबईचा दारूबंदी कायदा त्याच वर्षीचा, आणि आमचं महाराजा सयाजीराव विद्यापीठही त्याच वर्षीचं. माझा जन्म पुढच्या वर्षीचा. म्हणजे विद्यापीठाने मला बी.कॉम. केलं आणि कायद्याने कोरडं ठेवलं. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा तोच कायदा दोन्हीकडे गेला. गुजरातने तो घट्ट धरला, महाराष्ट्राने सैल सोडला.

पण त्याआधी या शहराला अल्कोहोलचं इतकं वावडं नव्हतं. १९०७ साली इथे जी अलेंबिक कंपनी उभी राहिली, प्रा. गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांची, तिची सुरुवात औषधी अर्क आणि अल्कोहोल यांपासूनच झाली. 'अलेंबिक' या शब्दाचा अर्थच मुळी अर्क काढायचं पात्र. कारखान्यात अल्कोहोल म्हणजे एक रसायन, उद्योगाचा कच्चा माल. घरात मात्र तो उच्चारायचाच नाही असा शब्द झाला. गंमत बघा, आपण राहतो ती अलकापुरी. नाव कुबेराच्या नगरीचं. कालिदासाच्या 'मेघदूता'तल्या अलकेत यक्ष स्फटिकाच्या गच्चीवर बसून मद्य घेतात. आमच्या अलकापुरीत गच्चीवर पापड वाळतात आणि उत्तरायणाला पतंग उडतात. कुणी काही घेत असेलच, तर दार लावून, पडदे ओढून.

आता मूळ गोष्टीवर येतो. गेल्या वर्षी सौ. आणि मी पुण्याला पुतण्याकडे पंधरा दिवस होतो. एका रविवारी पुतण्या आणि सूनबाई आम्हाला मुंढव्याच्या बाजूला जेवायला घेऊन गेले. तिथे बिअर तिथल्या तिथे बनवतात, काचेमागे मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या दिसतात. याला मायक्रोब्रुअरी म्हणतात. महाराष्ट्रात पहिली निघाली ती २००९ साली, पुण्यातच, 'डूलाली' नावाची, कोरिंथियन्स क्लबमध्ये. त्यानंतर पुण्यात बऱ्याच निघाल्या.

पुतण्या म्हणाला, "काका, एक छोटा ग्लास चाखून बघा. नाही आवडला तर ठेवा, मी संपवतो." मी म्हटलं, आधी परवाना. सगळे हसले. पण मी बँकेतला माणूस, व्हाउचरशिवाय माझा हात पुढे जात नाही. महाराष्ट्रात एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. तो घेतला, खिशात ठेवला, आणि मग ग्लासाकडे बघितलं.

बिअर म्हणजे पिवळी, पारदर्शक, फेसाळ, अशी आपली सिनेमातली समजूत. ही तशी नव्हती. अननसाच्या रसासारखी गढूळ, ग्लासाच्या पलीकडचं बोट दिसत नव्हतं. तिला 'हेझी आयपीए' म्हणतात. हेझी म्हणजे धुकट. ग्लास होता दीडशे मिलीलिटरचा. मी तोंडाला लावण्याआधी सौ.ने तो घेऊन हुंगला. ती स्वतः घेत नाही, पण स्वयंपाकघरात पन्नास वर्षं काढलेलं नाक आहे. म्हणाली, "अहो, पपनस सोलल्यासारखा वास येतोय. आणि पिकलेला पेरू." अगदी बरोबर होतं. मला त्यात पाडाचा आंबाही आला. पहिला घोट गोड लागेल असं वाटलं, पण गोड नाही. जिभेवर मऊ, पेजेसारखी थोडी दाट, आणि शेवटी पपनसाच्या पांढऱ्या सालीचा कडवटपणा राहतो, तोही बेताचा. मेथी, कारलं खाणाऱ्या आणि पाडव्याला कडुनिंब चघळणाऱ्या माणसाला त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मी विचारलं, यात कुठलं फळ घातलंय? तिथल्या मुलाने सांगितलं, "सर, एकही नाही." हा वास सगळा हॉप्सचा. मग त्याने समजावून दिलं, आणि घरी आल्यावर मीही वाचलं.

हॉप्स ही एक वेल आहे. तिच्या मादी वेलीला शंकूच्या आकाराची हिरवी फुलं येतात, ती बिअरमध्ये घालतात. वनस्पतिशास्त्रात ही वेल भांगेच्या कुळातली. महाशिवरात्रीला आपण ज्याला प्रसाद म्हणतो त्याची चुलत बहीण म्हणा ना. ही फुलं जवाच्या पाण्याबरोबर तासभर उकळली की त्यांचा कडूपणा उतरतो, पण वास उडून जातो. वासाची तेलं नाजूक असतात. म्हणून या प्रकारात बरेचसे हॉप्स उकळताना घालतच नाहीत. बिअर आंबत असताना किंवा आंबून झाल्यावर, गार टाकीत ते टाकतात आणि काही दिवस तसेच मुरू देतात. कडूपणा फार वाढत नाही, वास मात्र राहतो. आपण वरणाला फोडणी देतो ती वेगळी आणि गॅस बंद केल्यावर वरून चिरलेली कोथिंबीर टाकतो ती वेगळी, तसंच हे. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. ड्राय स्टेटच्या माणसाला पहिल्यांदा मिळाली तीही ड्राय हॉपवाली, यावर टेबलावर बराच वेळ हसणं झालं.

गढूळपणा ओट्स आणि गव्हामुळे येतो. त्यातली प्रथिनं आणि हॉप्समधले काही घटक एकमेकांना धरून तरंगत राहतात, आणि बिअर गाळून स्वच्छ करत नाहीत. हा प्रकार तसा नवा आहे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात 'द अल्केमिस्ट' नावाच्या एका छोट्या ब्रुअरीने तो गाजवला, या शतकाच्या पहिल्या दशकात. तिकडच्या ब्रुअर्सच्या संघटनेने त्याला अधिकृत प्रकार म्हणून यादीत घेतलं ते २०१८ साली.

पण आयपीए हे नाव जुनं आहे, आणि त्यातला 'आय' म्हणजे इंडिया. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा जॉर्ज हॉजसन हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांसाठी पिंपांतून बिअर पाठवत असे. जहाज आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला पोचायला चार ते सहा महिने लागायचे. बिअर टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त, आणि पिंपातही वरून आणखी हॉप्स. म्हणजे ड्राय हॉपिंगच. ज्या देशासाठी ही बिअर तयार झाली त्याच देशातल्या माझ्यासारख्या माणसाला ती चाखायला पंचाहत्तरावं वर्ष लागलं आणि राज्याची हद्द ओलांडावी लागली.

आता जरा हिशोब करू. माझ्या ग्लासात दीडशे मिलीलिटर बिअर, साडेसहा टक्क्यांची. म्हणजे शुद्ध अल्कोहोल दहा मिलीलिटरच्या आतबाहेर. तो ग्लास मला चाळीस मिनिटं पुरला, कारण त्यात हुंगण्यासारखं, बोलण्यासारखं बरंच होतं. दुसरा घेतला नाही. आपल्या देशात खपणारी बहुतांश बिअर 'स्ट्राँग' छापाची असते. साडेसहाशेची बाटली, आठ टक्क्यांपर्यंत. त्यात बावन्न मिलीलिटर अल्कोहोल, माझ्या ग्लासाच्या पाचपट. ती घेणाऱ्याला वास, रंग, कडूपणा याच्याशी काही देणंघेणं नसतं. रुपयाला किती चढते, एवढंच गणित. व्हिस्कीची पाऊण लिटरची बाटली घ्या. ४२.८ टक्के म्हणजे सुमारे ३२० मिलीलिटर अल्कोहोल. जागा जवळपास बिअरच्या एका बाटलीएवढीच.

हे आकडे मुद्दाम दिले. चोरून माल आणणाऱ्याच्या गाडीच्या डिकीत जागा मोजकी असते. तो बिअर कशाला आणेल? तो व्हिस्की आणेल, नाहीतर त्याहून जालीम काही. माझ्या ग्लासातली ती धुकट बिअर तर तो कधीच आणणार नाही. तिला थंड ठेवावं लागतं आणि काही आठवड्यांत तिचा वास मरतो. रिचर्ड कोवन नावाच्या अमेरिकन लेखकाने १९८६ साली याला बंदीचा पोलादी नियम म्हटलं. बंदी जितकी कडक, तितका माल तीव्र. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा हेच झालं. बिअर मागे पडली आणि कडक दारू पुढे आली. आमच्याकडेही छांटोपाणी म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर बिअर येत नाही. साहेबांची बाटली येते, नाहीतर गरिबाची पोटली. म्हणजे सौम्य, चवीची गोष्ट आधी नाहीशी झाली, आणि जी खरी वाईट ती शिल्लक राहिली.

त्या पोटलीचं पुढे काय होतं ते आपण पाहिलंय. जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत लठ्ठ्याने शंभरावर माणसं गेली. त्यानंतर कायद्यात फाशीपर्यंत शिक्षा आली. तरी जुलै २०२२ मध्ये बोटादच्या बाजूला चाळिसावर गेली. मिथाइल अल्कोहोलने आधी दृष्टी जाते, मग जीव. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. महाराष्ट्रात बंदी नसतानाही २०१५ साली मालाड-मालवणीला शंभरावर माणसं अशीच गेली. तेव्हा लठ्ठ्याचं सगळं खापर बंदीवर फोडता येणार नाही. गरिबीचा वाटा मोठा आहे. स्वस्तात स्वस्त आणि तीव्रात तीव्र, एवढंच ज्याला परवडतं तो दोन्ही राज्यांत मरतो.

पण आपल्यासारख्या सुस्थित घरांचं काय? आपल्याकडे कुणी पोटली पीत नाही. आपल्याकडे दुसरंच काहीतरी होतं, आणि आज हे लिहायचं खरं कारण ते आहे.

नोकरीत असताना एका शाखेत माझा एक सहकारी होता. नाव, गाव, शाखा काहीच सांगत नाही. हुशार माणूस, रोकड कधी एका पैशाने चुकली नाही. रोज संध्याकाळी घ्यायचा. ऑफिसात सगळ्यांना माहीत, घरी सगळ्यांना माहीत, आणि कुणीच कुणाला माहीत नसल्यासारखं वागायचं. तो कसली चव घेत नव्हता. कपाटामागे बाटली, पाणीसुद्धा नीट न घालता दोन मिनिटांत घशाखाली, वर बडीशेप. लपवून प्यायचं म्हणजे भराभर प्यायचं, हे मी तेव्हा बघितलं. पुढे पोट फुगायला लागलं, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी विचारलं, "घेता का?" वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "छे हो, आपल्याकडे कुठे मिळते?" कावीळ समजून चार-सहा महिने गेले. खरं बाहेर आलं तेव्हा लिव्हर हातचं गेलं होतं. बावन्नाव्या वर्षी माणूस गेला. धाकटा मुलगा तेव्हा अकरावीत होता.

वहिनींना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी कुणीही तेच बोललं असतं. जिथे पिणं हा गुन्हा, तिथे नवरा पितो म्हणणं म्हणजे नवरा गुन्हेगार आहे म्हणणं. आजार सांगता येतो, गुन्हा सांगता येत नाही. त्या घरात हा शब्द उच्चारायची सोय असती तर ती माउली डॉक्टरांशी खरं बोलली असती, असं मला आजही वाटतं.

कायद्याची आणखी एक गंमत. गुजरातेत चाळिशी उलटलेल्या माणसाला हेल्थ परमिट मिळू शकतं. डॉक्टरांच्या शिफारशीने, महिन्याला ठरावीक युनिट, आणि वयोगट वाढला की युनिटही वाढतात. बँकेत ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त व्याज मिळतं तसंच. पण त्यासाठी तुम्ही आजारी असायला हवं. निदान कागदावर तरी. पुण्यात मी घेतलेला पाच रुपयांचा परवानाही मूळ त्याच कायद्यातून आलेला, आणि तोही प्रकृती राखण्याच्या नावाखाली. म्हणजे दोन्ही राज्यांत कायद्याला दोनच माणसं माहीत आहेत, रोगी आणि आरोपी. दीडशे मिलीलिटर चाखून, पपनसाचा वास येतो की पेरूचा यावर बायकोशी वाद घालणारा तिसरा माणूस त्याच्या रकान्यात बसतच नाही. २२ डिसेंबर २०२३ ला सरकारने गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत जेवणाबरोबर दारूची मुभा दिली, तिथल्या नोकरदारांना आणि त्यांच्या अधिकृत पाहुण्यांना. म्हणजे तिसरा माणूस असू शकतो हे सरकारलाही पटलंय, फक्त त्याचं ऑफिस योग्य जागी हवं.

आता दुसरी बाजू, कारण ती आमच्या घरातच राहते. सौ. म्हणाली, "तुमचं सगळं खरं, पण नवरात्रात रात्री दोनला आपल्या मुली गरब्याहून स्कूटरवर येतात, ते कुठल्या राज्यात होतं सांगा. इथे कोपऱ्यावर दुकान आलं तर येतील का?" या प्रश्नाला माझ्याकडे आकड्यांचं उत्तर नाही, आणि बायका दारूबंदीच्या बाजूने का उभ्या राहतात हे मला कळतं. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, ती बायकांच्या चळवळीच्या जोरावरच. ज्या घरात पगार गुत्त्यावर जातो तिथे चवीच्या गप्पा मारायचा मला काही अधिकार नाही. तब्येतीचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. फळाचा वास येतो म्हणून ही बिअर फळाचा रस होत नाही. उलट साडेसहा टक्के असून ती जाणवत नाही, तेव्हा जास्तच सांभाळायला हवं.

म्हणून मी अलकापुरीत बार उघडा असं म्हणत नाही. मला दोनच गोष्टी म्हणायच्या आहेत.

पहिली सरकारसाठी. कायदा ठेवायचा तर ठेवा, पण त्यात पाच-सहा टक्क्यांची गोष्ट आणि चाळीस टक्क्यांची गोष्ट यांत फरक करा. महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१ आणि कडक दारूला २५ आहे. हा फरक पुरेसा नसेल, पण निदान फरक आहे हे तरी तो मानतो. सगळं एकाच मापाने तोलायचं म्हटलं की माल नेणारा जड तेवढंच उचलतो.

दुसरी आपल्या घरांसाठी, आणि ती जास्त महत्त्वाची. आपली मुलं पुणे-बंगळूरला शिकतात, अमेरिका-कॅनडात स्थायिक होतात. तिथे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ग्लास पुढे करतं. आपण त्यांना गाडी चालवायला, चेक भरायला, कर्जाचा हप्ता समजून घ्यायला शिकवतो. याबद्दल मात्र 'आपल्यात घेत नाहीत' एवढंच शिकवतो, आणि ते खरं नसतं हे मुलांना माहीत असतं. त्यापेक्षा बसवून सांगा. किती टक्के म्हणजे किती, उपाशीपोटी का नाही, भराभर का नाही, गाडी चालवायची असेल तर एक थेंबही का नाही, आणि 'नको' म्हणणाऱ्याला का हसायचं नाही. घरात कुणी घेत असेल तर ते माहीत असू द्या, आणि डॉक्टरांना खरं सांगा. डॉक्टर पोलीस नसतात.

पुण्याहून परतल्यावर मी हे सगळं शेजारच्या दोघा मित्रांना सांगितलं. एक आवाज खाली करून म्हणाला, "हळू बोल, खिडकी उघडी आहे." दुसऱ्याने विचारलं, "चढली का?" मी सांगितलं, चढावी एवढी नव्हतीच, पण तिचा वास मात्र अजून लक्षात आहे. त्याला ते उत्तर काही पटलं नाही.

तुमचं मत जरूर लिहा. पटलं नसेल तर तेही लिहा, भगिनींनी तर अवश्य लिहा. फक्त एक विनंती, अनुभव लिहिताना कुणाचं नाव घालू नका. आपल्याकडे कायदा अजून लागू आहे.